झाडीतला डाव



सोलापुरात मैदान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? होम मैदान येतं, पार्क मैदान येतं. गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे येतात, क्रिकेटचे सामने येतात, जाहीर सभा येतात आणि या सगळ्यांबरोबर भरपूर धूळ येते. येत नाही ते झाड. मैदानात झाड असणं हा आपण मैदानाचा दोष मानतो. शाळेच्या पटांगणात मधोमध एखादा कडुनिंब उभा असला, की वार्षिक क्रीडास्पर्धा जवळ आल्यावर त्याच्याकडे संशयानं पाहिलं जातं. मुलं त्या मानानं समजूतदार. झाडाला लागून आलेला झेल बाद धरायचा की नाही, हे ती डाव सुरू होण्याआधीच ठरवून टाकतात आणि खेळायला लागतात.

आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे, त्यात झाडाची अडचण होत नाही. उलट झाड हाच त्यातला प्रतिस्पर्धी. त्याचं नाव डिस्क गोल्फ. आपण त्याला तबकडीचा गोल्फ म्हणू. गोल्फ शब्द ऐकून दचकू नका. इथे हिरवळ लागत नाही, पाण्याचे फवारे लागत नाहीत, काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्याही लागत नाही. ज्या शहरानं उजनीच्या पाण्यासाठी नळाकडे डोळे लावून दिवस मोजलेत, त्या शहरात मी गवताला पाणी पाजण्याची शिफारस करणार नाही.

खेळ अगदी सोपा आहे. साधारण वीतभर व्यासाची प्लास्टिकची तबकडी, वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. एका ठरलेल्या ओट्यावरून ती फेकायची. साठ, ऐंशी, कधी शंभर-सव्वाशे मीटर अंतरावर एक लोखंडी खांब असतो. खांबाच्या वरच्या कड्याला गोलाकार साखळ्या लोंबत असतात आणि त्यांच्याखाली एक जाळीची टोपली असते. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मोडतो आणि ती टोपलीत पडते. जिथे तबकडी पडेल तिथून पुढची फेक. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, की पुढच्या ओट्याकडे चालू लागायचं. अशा नऊ किंवा अठरा टोपल्यांचा एक डाव. साखळ्यांचा तो छन्न आवाज एकदा कानात बसला, की माणूस पुन्हा पुन्हा तिकडे जातो. देवळातली घंटा वाजवल्याशिवाय लहान मूल जसं पुढे सरकत नाही, तसंच काहीसं.

मी हा खेळ पाहिला आणि खेळलो तो आमच्या मुलीकडे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात. तिच्या घराजवळ एक कॉलेज आहे. कॉलेजच्या इमारती संपल्या की मागे पाइन, ओक आणि मेपलची झाडी सुरू होते आणि त्या झाडीतून अठरा टोपल्यांची वाट वळत वळत जाते. कुंपण नाही, तिकीट नाही. सकाळी कॉलेजची मुलं असतात, दुपारी एखादी बाई बाबागाडी ढकलत खेळताना दिसते, संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं येतात. जगभरात अशी पंधरा हजारांहून अधिक मैदानं आहेत. त्यांतली बहुतेक अमेरिकेत आणि बहुसंख्य फुकट. पण फिनलंडसारख्या पंचावन्न लाख वस्तीच्या देशातही ती शेकड्यांनी आहेत आणि तिथली कितीतरी रानातच आहेत.

पहिल्या दिवशी मी टोपली पाहिली आणि जावईबापूंना म्हणालो, “अहो, मध्ये एवढी झाडं आहेत, तबकडी जाणार कुठून?” ते हसून म्हणाले, “बाबा, तेच तर शोधायचं असतं.”

आता या तबकडीचा स्वभाव ऐका. उजव्या हाताचा माणूस ती छातीसमोरून, पाठमोऱ्या हातानं फेकतो. म्हणजे आपण पत्ते वाटताना मनगट झटकतो तशी, पण सगळं अंग वळवून. वरून पाहिलं तर ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गरगरत जाते. जोरात असते तोवर सरळ, काही तबकड्या तर जरा उजवीकडे झुकून जातात. वेग संपत आला की ती हमखास डावीकडे कलते. हे कलणं जाणणारा खेळाडू समोरच्या झाडाच्या उजवीकडून फेकतो आणि तबकडी झाडाला वळसा घालून मागे उतरते. तीच तबकडी जमिनीकडे किंचित तिरकी धरून सोडली तर वाट बदलते. भरधाव जाणाऱ्या तबकडीची कड धारदार असते, जवळून टोपलीत टाकायची ती बोथट आणि जाड कडेची. धारदार उतरत्या कडेची तबकडी १९८३ साली बाजारात आली आणि त्यानंतर खेळाचं अंतर एकदम वाढलं. पूर्वी नुसती फ्रिसबीच फेकत.

फ्रिसबीचं नाव कुठून आलं, याची हकीकत चवदार आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाच्या पाय बनवणाऱ्या बेकरीचा कारखाना होता. पाय खाऊन झाल्यावर उरलेल्या पत्र्याच्या थाळ्या कॉलेजची मुलं एकमेकांकडे भिरकावत, असं सांगतात. पुढे १९५७मध्ये व्हॅम-ओ नावाच्या खेळणी-कंपनीनं प्लास्टिकची उडती तबकडी विकायला काढली आणि तिला हे नाव चिकटलं. त्याच कंपनीत एड हेड्रिक नावाचा माणूस काम करत होता. तबकडीच्या पाठीवर गोल उंचवटे दिले तर ती हवेत स्थिर राहते, याचं पेटंट त्याला १९६७मध्ये मिळालं. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह नावाच्या बागेत १९७५ साली त्यानं या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं. तिथे सुरुवातीला टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही यावरून वाद होत. हा वाद तर आपल्याही ओळखीचा! गल्लीतल्या क्रिकेटमध्ये विटांच्या स्टंपावरून चेंडू गेला की बाजूनं, यावर किती मैत्र्या मोडल्या असतील. हेड्रिकनं वाद मिटवायला साखळ्यांची टोपली काढली. १९७६मध्ये त्यानं खेळाडूंची संघटना उभी केली. २००२ साली तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या बनवल्या. हौस म्हणावी तर अशी.

पण मला या खेळातले दोन-तीन नियम फार भावले आणि खरं म्हणजे त्यांच्यासाठीच मी आज तुमच्यापुढे बसलो आहे.

पहिला नियम असा, की ओट्यावरची फेक झाल्यानंतर ज्याची तबकडी टोपलीपासून सर्वांत दूर पडली असेल, त्यानं आधी फेकायचं. बाकीच्यांनी थांबायचं. म्हणजे माझ्यासारखा गुडघे दुखणारा माणूस, नऊ वर्षांचा नातू आणि चांगला तयारीचा जावई एकत्र खेळू शकतात. जो मागे राहिला त्याचीच पाळी पुढे. आपल्याकडच्या बहुतेक खेळांत मागे राहिलेला बाद होतो आणि चिंचेखाली बसून इतरांचा खेळ बघतो. आमचा नातू मराठी समजतो, पण बोलताना अडखळतो. घरात तो आणि मी समोरासमोर बसलो की दोन मिनिटांत विषय संपायचा. झाडीत मात्र तो माझा गुरू झाला. “आजोबा, अजून डावीकडे. नाही, ते झाड बघा, जाडं आहे ते.” अठरा टोपल्यांपर्यंत त्याच्या तोंडी ‘वाकडं’, ‘खाली’, ‘हळू’, ‘गेली’, ‘सापडली’ असे किती शब्द आले, याची मी मोजदाद केली नाही. फेकी मोजायचं काम त्याच्याकडे होतं आणि माझ्या दोन-तीन फेकी तो उदार मनानं विसरत असे.

दुसरा नियम, हरवलेल्या तबकडीचा. झाडीत फेक चुकली की तबकडी पाचोळ्यात गडप होते. मग सगळ्यांनी मिळून शोधायचं, त्यासाठी तीन मिनिटं. नियमाचं पुस्तकच तसं सांगतं. आणि नाहीच सापडली तरी आशा असते, कारण तबकडीच्या पोटावर खेळाडू आपलं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवतात. ज्याला ती मिळते तो फोन करतो. आम्ही तिथे असताना जावईबापूंची एक तबकडी अशी आठवड्यानंतर परत आली.

आणि तिसरा नियम झाडांचा. तबकडी झुडपात पडली, समोर फांदी आडवी आली, तरी फांदी तोडायची नाही, मोडायची नाही, कुणाकडून वाकवून धरायचीही नाही. झाड जसं आहे तसं. अंग चोरा, गुडघ्यावर बसा, उलट्या हातानं फेका, पण वाट तुम्ही काढायची. झाडानं सरकायचं नाही. उद्या कुणी पाचव्या टोपलीसमोरचा ओक तोडला, तर खेळ सोपा होईल असं तुम्ही म्हणाल. खेळणारे म्हणतील, टोपली बिघडली. माणसांना झाड उभं राहण्यात रस वाटावा, यासाठी आपण फलक लावतो, शपथा घेतो, दिंड्या काढतो. इथे तो रस खेळातूनच येतो.

आता हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं कौतुक सोलापूरला कशाला? कौतुक नाही. झाडीत खेळणं आपल्याला नवीन थोडंच आहे! सूरपारंब्या हा खेळ तर झाडाशिवाय होतच नाही. नेमबाजीचं म्हणाल तर गोट्या घ्या. दुरून गोटी गलीत घालायची, हा गोल्फच की. आणि तळ्यावर चपटा दगड आडवा फेकून पाण्यावर भाकऱ्या काढणारा कुणीही पोरगा तबकडीचं मनगट जन्मतःच घेऊन आलेला असतो. पंजाबात निहंग शिखांचं फेकायचं पोलादी चक्र तर प्रसिद्धच आहे. अर्थात त्याचा हेतू टोपली गाठण्याचा नव्हता.

तबकडीच्या गोल्फला सर्वांत जवळचा आपला खेळ मला वाटतो तो विटी-दांडू. विटी कोलायची, टोलवायची, आणि ती जिथे पडेल तिथून गलीपर्यंतचं अंतर दांडूनं मोजायचं. हे मोजणं आठवतं का? वकट, लेंड, मूंड, नाल... पुढचे आकडे गावागणिक बदलतात, पण हे चार सगळीकडे भेटतात. आम्ही लहानपणी हे शब्द निरर्थक समजून घोकत असू. सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांच्या वस्तीत खेळायला गेलो, तेव्हा तिथली तेलुगू बोलणारी मुलं पोट धरून हसली. कारण तेलुगूत एक म्हणजे ओकटी, दोन म्हणजे रेंडू, तीन म्हणजे मूडू आणि चार म्हणजे नालुगू. साऱ्या महाराष्ट्राची पोरं विटी-दांडूत मोजत होती ती शेजारच्या भाषेत, तीही बोबडी! मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत नांदणाऱ्या आपल्या गावात याचं नवल वाटू नये. खेळ असेच गावं आणि भाषा ओलांडत फिरतात. पाय विकणाऱ्या बेकरीची थाळी जर नॉर्थ कॅरोलायनाच्या झाडीत पोचते, तर तिथून ती कडुनिंबाखाली यायला हरकत नसावी.

विटी-दांडू आता का दिसत नाही? मोबाइलला शिव्या देणं सोपं आहे. मला वाटतं, जागा हे खरं कारण. बोळ अरुंद झाले, त्यात दुचाक्या लागल्या. मोकळ्या जागांवर प्लॉट पडले. विटी डोळ्याला लागेल ही आईबापांची भीतीही खोटी नव्हती. उरलेल्या मोठ्या जागा कोणत्या? कॉलेजांची आवारं. आपल्याकडे १९४० सालचं दयानंद कॉलेज आहे, १९५३चं संगमेश्वर आहे, आणि २००४मध्ये स्थापन झालेलं, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव असलेलं विद्यापीठ केगावला पुणे रस्त्यावर आहे. शिवाय जिल्ह्यात तालुक्यातालुक्याला कॉलेजं आहेत. या आवारांत झाडं लावायचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. त्यांतली जी जगतात, त्यांच्यात पुढे कुणी पाऊल टाकत नाही. झाडी म्हणजे कडेची, बघण्याची वस्तू. कबड्डी, खो-खो, क्रिकेटच्या संघात निवड झालेली मुलं-मुली मैदानावर असतात. बाकीचे हजार-दीड हजार विद्यार्थी कुठे असतात? वाहनतळावर, गाडीच्या सीटवर बसून. मुलींच्या वाट्याला तर तेही येत नाही. या सगळ्यांसाठी संघ नको, पंच नको, गणवेश नको असा एखादा खेळ हवा.

खर्चाचं म्हणाल तर लोखंडी खांब, कडं, झोपाळ्याला लावतो तसल्या साखळ्या आणि जाळीची टोपली. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या वेल्डिंगवाल्याला चित्र दाखवलं तर तो करून देईल. यंत्रमागाचे सुटे भाग घडवणाऱ्या गावाला टोपली जड नाही. सुरुवात नऊ टोपल्यांनीही होते. त्याआधी झाडाला दोरी बांधून दोरीला जुनी पत्र्याची पाटी लटकवली, तरी मुलं खेळतील. साखळीचा आवाज मात्र येणार नाही.

अडचणीही सांगतो, नाहीतर तुम्ही मला जाहिरातदार म्हणाल. तबकडीचा झाडालाही मार बसतो. ओट्यासमोरच्या कोवळ्या झाडांच्या सालीवर तिथे मी वळ पाहिले. सतत एकाच वाटेनं माणसं गेली की मुळं उघडी पडतात. म्हणून जाणती मंडळी टोपल्यांच्या जागा अधूनमधून बदलतात, वाटेवर लाकडाचा भुसा आणि पाचोळा पसरतात, समोरच्या झाडाच्या बुंध्याला फळ्या बांधतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चपलेला अशी धरते, की ते दिवस खेळ बंदच ठेवावा. उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे, तेव्हा सकाळी सात-साडेसातच्या आतच डाव आटपायला हवा. वेड्या बाभळीत तर टोपली लावूच नये. तो काटा चपलेचा तळवा आरपार जातो. गवतात तबकडी शोधायची तर हात घालण्याआधी काठी आपटावी, घोणस आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. तिथेही हे चुकत नाही. पॉयझन आयव्ही नावाची तीन पानांची वेल असते, तिचा स्पर्श झाला की अंगावर फोड येतात. माझ्या नातवानं मला नियम शिकवायच्या आधी ती वेल ओळखायला शिकवली.

प्राचार्यांचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. “कुणाच्या डोक्यात बसली तर?” प्रश्न रास्त आहे. म्हणून वर्गांच्या खिडक्या, वसतिगृहाची वाट आणि वाहनतळ यांच्या दिशेनं एकही फेक जाऊ नये, असा आराखडा हवा. समोर माणूस असेपर्यंत फेकायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळायचा. तबकडी भलतीकडे गेलीच तर मोठ्यानं ओरडायचं. गोल्फवाले ‘फोर’ म्हणतात, आपण ‘ओ, सांभाळा’ म्हणू. सोलापूरकराचा आवाज पोचतो.

आणखी एक. या खेळाच्या निमित्तानं कुणी उघड्या माळावर झाडं लावायला निघालं, तर मी विरोध करीन. आपल्या जिल्ह्याचा मूळ चेहरा गवताळ माळाचा आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची घोषणा १९७९ सालची. त्या पक्ष्याला उंच झाडी नव्हे, मोकळं गवत लागतं. दिसेल त्या माळावर ग्लिरिसिडिया कोंबून आपण हिरवाईचं समाधान मिळवलं आणि गवतातल्या पाखरांचं घर मात्र आक्रसलं. तेव्हा डाव मांडायचा तो आवारात आधीपासून असलेल्या झाडीत. कडुनिंब, चिंच, करंज, शिरीष जिथे पंधरा-वीस वर्षं उभे आहेत तिथे. विद्यापीठात किंवा जुन्या कॉलेजांत अशा जागा फिरून पाहिल्या तर सापडतील. टोपल्या कुठे लावाव्यात हे क्रीडाशिक्षकांनी ठरवावं, पण त्याआधी आवारात काम करणाऱ्या माळीबुवांना बरोबर घेऊन एक फेरी मारावी. कोणतं झाड कोणत्या वर्षी लावलं, कोणत्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगलं, कुठल्या बुंध्यात मधमाश्या आहेत आणि कुठल्या ढोलीत पिंगळा बसतो, हे त्यांना माहीत असतं. ते ज्या झाडाकडे बोट दाखवून नको म्हणतील, तिथून टोपली दहा पावलं बाजूला घ्यावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)